कोळशातला गॅस आणि पेटलेली नदी

प्रश्न : ऑस्ट्रेलियात एका माणसाने नावेतून लायटर पुढे केला आणि नदीच पेटली, असा व्हिडिओ मुलाने दाखवला. कोळशाच्या थरातून गॅस काढण्यासाठी जमिनीखाली 'फ्रॅकिंग' करतात, त्यामुळे हे झालं म्हणे. आमचा भाग कोळशाचा आणि शेती कापसाची, म्हणून विचारतो. यात खरं किती? आणि गॅस काढण्यात फायदा जास्त की धोका?
— एक शेतकरी वाचक, वणी (जि. यवतमाळ)

उत्तर : व्हिडिओ खरा आहे. एप्रिल २०१६ मध्ये न्यू साउथ वेल्सच्या विधान परिषदेतले ग्रीन्स पक्षाचे सदस्य जेरेमी बकिंगहॅम यांनी क्वीन्सलँडमधल्या कॉन्डामाइन नदीत तो प्रयोग केला. चिंचिला गावाजवळ नदीच्या पाण्यात बुडबुडे येत असल्याच्या तक्रारी २०१२ पासूनच होत्या. बुडबुडे मिथेनचे, आणि मिथेन म्हटल्यावर ठिणगीला पेटणारच.

पण त्यावरून लगेच फ्रॅकिंगला दोषी धरू नका. त्या भागात कोळशाचे थर बरेच वर आहेत. जमिनीतल्या नैसर्गिक भेगा, कोळसा शोधताना पाडलेली आणि नीट न बुजवलेली जुनी भोकं, शेतकऱ्यांचे बोअर, अशा कितीतरी वाटांनी गॅस वर येऊ शकतो. त्यात आजूबाजूला गॅसच्या विहिरी पाणी उपसू लागल्या की थरातला दाब बदलतो आणि मोकळा झालेला गॅस सापडेल ती वाट धरतो. त्या बुडबुड्यांचा दोष कोणाचा, यावर कंपन्या आणि गावकरी यांचं एकमत झालेलं नाही.

इथे एक गोष्ट समजून घेतली की बाकीचा वाद सोपा होतो. कोळशातला मिथेन टाकीत भरल्यासारखा साठलेला नसतो. तो कोळशाच्या अंगाला, त्याच्या सूक्ष्म छिद्रांच्या पृष्ठभागाला चिकटलेला असतो आणि थरातल्या पाण्याचा दाब त्याला तिथे धरून ठेवतो. म्हणून काहीशे मीटर खोल बोअर मारायचा, केसिंग टाकून बाहेरून सिमेंट भरायचं आणि पंप लावून आधी पाणी काढायचं. दाब उतरला की गॅस सुटतो आणि कोळशातल्या बारीक चिरांतून बोअरकडे येतो. नव्या विहिरीतून म्हणूनच सुरुवातीला पाणी भरपूर येतं आणि गॅस थोडा. काही काळाने पाणी कमी होत जातं, गॅस वाढत जातो.

फ्रॅकिंग लागतं ते कोळसा घट्ट असून चिरा अपुऱ्या असल्या तर. तेव्हा पाणी आणि वाळू प्रचंड दाबाने आत ढकलतात. भेगा उघडतात, वाळू त्यांत अडकून राहते आणि भेगा पुन्हा मिटत नाहीत. क्वीन्सलँडच्या सुरत खोऱ्यात बहुतेक विहिरींना याची गरजच पडली नाही. अमेरिकेतल्या शेल गॅसची गोष्ट वेगळी. तो खडक दोन-तीन किलोमीटर खोल आणि दगडासारखा बंद, त्यामुळे तिथे फ्रॅकिंगशिवाय गॅस हलत नाही आणि एका विहिरीला कोटी-दोन कोटी लिटर पाणी सहज लागतं. टीव्हीवरच्या चर्चेत या दोन्ही गोष्टींची सर्रास सरमिसळ होते.

पाण्यासोबत रसायनं जातात हे खरं. प्रमाणाने ती एक टक्क्याच्या आसपास. त्यात जंतुनाशकं असतात, घर्षण कमी करणारे पदार्थ असतात आणि तुम्ही ओळखाल असा एक पदार्थही असतो, गवारीच्या बियांची पूड. पाण्यात ती फुगून दाट होते आणि वाळू तळाशी न बसता भेगांपर्यंत पोचते. अमेरिकेतल्या फ्रॅकिंगमुळे राजस्थानातल्या गवारीचा भाव २०१२ मध्ये इतका भडकला, की मार्च महिन्यात नियामकाने गवारीचे वायदे व्यवहारच थांबवले. गवार निरुपद्रवी असली तरी सगळीच रसायनं तशी नसतात. बेन्झीन आणि त्याच्या जातकुळीतल्या द्रव्यांवर क्वीन्सलँडने २०१० मध्ये बंदी घातली, ती उगाच नव्हे.

आता माझं मत. लोक आत काय घालतात ते विचारतात. त्याआधी बाहेर काय येतं ते विचारावं. क्वीन्सलँडमध्ये गॅसच्या विहिरींतून वर्षाला ५० ते ६० अब्ज लिटरच्या घरात पाणी उपसलं गेलं आहे, आणि ते खारं आहे. शुद्धीकरण प्रकल्पातून काढून त्यातलं बरंचसं शेतीला देतात. शेतकऱ्यांना ते आवडतंही, दुष्काळी भागात फुकाचं पाणी कोण नाकारेल? पण गाळल्यावर मागे राहतं ते मीठ, आणि तेही थोडंथोडकं नव्हे, लाखो टन. सुरुवातीला ते बाष्पीभवनाच्या मोठ्या तळ्यांत सोडून द्यायचे. नंतर सरकारने तो मार्ग मोडीत काढला, तरी मिठाचं शेवटी करायचं काय हा प्रश्न आजही कंपन्यांच्या गळ्यात आहे. या पाण्यात साध्या मिठाबरोबर सोडियम बायकार्बोनेटही असतं. काळ्या जमिनीत सोडियम गेलं की काय होतं, हे विदर्भात सांगायची गरज नाही. अकोला-अमरावतीकडच्या खारपाणपट्ट्यातल्या कोणालाही विचारा. कॉन्डामाइनच्या काठची जमीनही अशीच काळी, फुगणारी, भेगाळणारी आणि तिथेही कापूसच पिकतो.

दुसरा प्रश्न बोअरच्या पातळीचा. ऑस्ट्रेलियाचा सुमारे पाचवा भाग व्यापणारं ग्रेट आर्टेशियन बेसिन हे भूजलाचं प्रचंड भांडार आहे आणि सुरत खोऱ्यातले कोळशाचे थर त्याच्याच पोटात, पाण्याच्या थरांच्या मध्ये येतात. कोळशातलं पाणी उपसलं की शेजारच्या थरांतलं पाणी हळूहळू तिकडे झिरपतं. क्वीन्सलँडच्या कायद्याप्रमाणे एखाद्याचा बोअर त्यामुळे आटला तर कंपनीने तो खोल करून द्यायचा, नवा मारून द्यायचा किंवा भरपाई द्यायची. जमीन खचण्याचाही प्रकार आहे. खचते ती काही सेंटिमीटर, पण लेझरने सपाट केलेल्या, पाटाने भिजणाऱ्या शेतात तेवढ्यानेही पाणी भलतीकडे तुंबतं.

भूकंपाची भीतीही याच पाण्याशी बांधलेली आहे. २०१६ मध्ये ओक्लाहोमात पॉनीजवळ ५.८ तीव्रतेचा धक्का बसला. त्याचं कारण होतं तेल आणि गॅसबरोबर वर आलेलं खारं पाणी पुन्हा खोल खडकात मुरवणं. विहिरीत केलेल्या फ्रॅकिंगचा त्यात फारसा हात नव्हता. पाण्याच्या दाबाने खालचा जुना भ्रंश सरकतो, ही कल्पना महाराष्ट्राला १९६७ च्या कोयनेच्या भूकंपापासून परिचयाची आहे. इंग्लंडमध्ये मात्र थेट फ्रॅकिंगमुळेच हादरे बसले आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये सरकारने ते थांबवलं.

फायदेही खरे आहेत. पहिला खाणीतल्या माणसांचा. क्वीन्सलँडमधल्या मौरा इथल्या खाणीत १९९४ मध्ये स्फोट होऊन ११ कामगार दगावले. त्याच मौरात १९९६ मध्ये कोळशातल्या गॅसचं व्यापारी उत्पादन सुरू झालं. खणण्याआधी मिथेन काढून घेतला तर खाणीतला धोका कमी होतो आणि वर इंधन मिळतं. या बाजूने बोलणारे हा मुद्दा क्वचितच मांडतात, याचं मला नवल वाटतं.

पैशाचं गणित तितकं सरळ नाही. चिंचिला, माइल्स, रोमा या गावांत बांधकामाच्या काळात घरभाडी गगनाला भिडली. पाइपलाइनी टाकून झाल्या, माणसं निघून गेली आणि भाडी कोसळली. विहीर चालवायला फारशी माणसं लागतच नाहीत. गॅस ४०० किलोमीटरच्या आसपास पाइपाने ग्लॅडस्टोनला नेतात, कर्टिस बेटावर उणे १६२ अंशांपर्यंत थंड करून द्रव करतात आणि जहाजाने आशियात पाठवतात. निर्यात सुरू झाल्यावर ऑस्ट्रेलियाच्या पूर्व भागात घरचाच गॅस महागला. शेवटी २०१७ मध्ये केंद्र सरकारला निर्यातीवर लगाम घालण्याची तरतूद करावी लागली. घरचं झालं थोडं, अशी गत.

आणि शेतकऱ्याचं काय? ऑस्ट्रेलियात जमिनीखालचं खनिज सरकारचं. शेतमालक कंपनीशी वाटाघाट करू शकतो, भरपाई मागू शकतो, पण ठाम नकार देणं त्याच्या हातात नाही. अमेरिकेत अनेकांकडे खालच्या खनिजाचीही मालकी असते, रॉयल्टी त्यांच्या खात्यात जमा होते. एकाच तंत्राबद्दल दोन देशांतल्या शेतकऱ्यांची मतं इतकी वेगळी का, याचं निम्मं उत्तर इथे आहे. नकाराचा हक्क नसल्यामुळेच ऑस्ट्रेलियात 'लॉक द गेट' ही चळवळ उभी राहिली आणि एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे शेतकरी आणि पर्यावरणवादी तिथे एकाच फाटकाला कुलूप लावून उभे राहिले. व्हिक्टोरिया राज्याने तर २०१७ मध्ये फ्रॅकिंगवर कायद्याने बंदीच घातली.

आपल्याकडे कोळशातल्या मिथेनचं धोरण १९९७ मध्ये आलं. २००७ मध्ये पश्चिम बंगालमधल्या राणीगंज भागात आणि २०१७ मध्ये मध्य प्रदेशातल्या शहडोलजवळच्या सोहागपुरात व्यापारी उत्पादन सुरू झालं. महाराष्ट्र या यादीत नाही, तेव्हा वणीत उद्याच रिग उभी राहील असं नाही. पण राहिलीच, तर पहिलं यंत्र शेतात यायच्या आत स्वतःच्या बोअरची पाणीपातळी मोजून घ्या आणि पाणी प्रयोगशाळेत तपासून तारखेसह कागद ठेवा. क्वीन्सलँडमध्ये असा आधीचा तपास कंपनीला करावाच लागतो. नंतर "तुमचं पाणी आधीच असं होतं" म्हणणाऱ्याला दाखवायला काहीतरी हवं.

प्रश्न : गॅस कोळशापेक्षा स्वच्छ, मग विरोध कशाला?
— एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : जाळताना स्वच्छ, हे बरोबर. तेवढीच वीज करायला गॅस साधारण निम्मा कार्बन डायऑक्साइड सोडतो, राख आणि काजळी तर जवळजवळ नाहीच. अडचण न जळालेल्या गॅसची. हवेत सुटलेला मिथेन वीस वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या ८० पटींहून अधिक उष्णता धरतो. विहिरीपासून बर्नरपर्यंत वाटेत तीनेक टक्के गॅस गळाला, तर नजीकच्या काळात कोळशाला पर्याय म्हणून त्याचा हवामानाला फायदा जवळपास संपतो. म्हणून एखाद्या प्रकल्पाचं कौतुक ऐकलं, तर गळती किती, ती कोण मोजतं आणि विहीर सोडून देताना तिचं तोंड सिमेंटने कोण बंद करणार, एवढं विचारा. कंपनी दिवाळखोरीत गेली तर त्या सिमेंटचा खर्च कोणी द्यायचा, हेही.