घर विकण्याआधी ते गार करून घे

बाळा, चौलचं घर विकायचं तुम्ही भावंडांनी ठरवलंत, तर रंगाऱ्याला बोलावण्याआधी माझ्या चार गोष्टी ऐक. आपल्याकडे गिऱ्हाईक येतं ते मुंबईहून. रो-रो बोटीने गाडीसकट मांडव्याला उतरतं आणि घरी पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलेलं असतं. ओटीवर पाय ठेवताच त्याला गारवा लागला पाहिजे.

सुरुवात छपरापासून कर. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांची कौलं उडाली आणि लोकांनी घाईत पत्रे चढवले. मंगलोरी कौलांच्या फटींतून गरम हवा निघून जाते. पत्रा तापला की सगळी आग खाली फेकतो. कौलं परत घालणं परवडत असेल तर उत्तमच. नसेल तर पत्र्याला उष्णता परतवणारा पांढरा रंग दे, खाली फळ्यांचं छत कर, मध्ये हवेला जागा सोड आणि दोन्ही टोकांना जाळी लाव. गच्ची असेल तर पावसाळ्याआधी गळती काढ, मग पांढरा थर दे.

पश्चिमेची भिंत सांभाळ. दुपारनंतरचं ऊन तिथेच बसतं. पडवीवर झाप बांध नाहीतर वेल चढव. सावली देणारं झाड ‘घर मोकळं दिसावं’ म्हणून तोडू नकोस. मात्र छपरावर ओणवलेला माड असेल तर सुकलेल्या झावळ्या आणि नारळ उतरवून घे. चिऱ्याच्या जुन्या भिंतीला सिमेंटचा गिलावा चढवू नकोस, आत ओल कोंडते. चुन्याचा गिलावा भिंतीला सुकू देतो. माजघर काळोखं असेल तर दोन काचेची कौलं बसव, दिवसा दिवा लावावा लागणार नाही.

मग विजेकडे वळ. जुना पंखा साधारण ७५ वॅट खातो, नवा बीएलडीसी ३० च्या आसपास. रोज दहा तास फिरला तर एका पंख्यामागे महिन्याला तेरा-चौदा युनिट वाचतात. महावितरणचा घरगुती दर १००, ३०० आणि ५०० युनिटांच्या टप्प्यांवर वाढतो, म्हणून टप्प्याच्या काठावरच्या घरात एवढीही बचत बिलात दिसते. फ्रिजच्या दाराचं रबर सैल झालं असेल तर बदल. विहिरीचा पंप पाणी कमी आणि आवाज जास्त करत असेल तर आधी फुटव्हॉल्व्ह आणि पाइपाची गळती बघ. खाऱ्या हवेने वायरीचे सांधे गंजतात, ते आणि अर्थिंग परवाना असलेल्या वायरमनकडून तपासून घे.

एसी नवा घेऊ नकोस. येणारा आपल्या आवडीचा बसवेल. सोलरचंही तसंच. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत २ किलोवॅटला ६० हजार, ३ किंवा त्याहून जास्त किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान मिळतं, पण उरलेला खर्च वसूल व्हायला काही वर्षं जातात. यंदाच विकायचं असेल तर छप्पर भक्कम ठेव, सोलरचा निर्णय नव्या मालकावर सोड. आधीच बसवलेलं असेल तर नेट मीटरिंगचे कागद, पॅनेलची हमी आणि गंज न धरणारा सांगाडा, तिन्ही दाखव.

एक काम मात्र आजच कर. मीटर अजून आजोबांच्या नावावर असेल तर ते नाव बदलून घे. व्यवहार ठरल्यावर त्याच कागदासाठी खोळंबा होतो.

शेवटचं सांगतो. खोटं काही सांगू नकोस. कुठे गळतं, कुठली खोली तापते, ते आपणहून सांग. गेल्या बारा महिन्यांची बिलं फाईलला लाव आणि मे महिन्याचं बिल सगळ्यात वर ठेव. ते बिल गिऱ्हाइकाने वाचल्यावरच किंमत सांग.