हवा सोडून मोजा

बारसगावहून शिवथरघळीकडे वळलं की रस्ता अरुंद होतो, आणि पावसाळ्यात कडेची साइडपट्टी चाकाखाली दबते. जुलैमधल्या एका संध्याकाळी तिथेच माझ्या जीपचं मागचं डावं चाक पंक्चर होऊन बसलं. मेहुणा सोबत होता. स्टेपनी होती, पाना होता, जॅक होता. पंधरा मिनिटांत निघू असं वाटलं होतं. निघायला तीन तास लागले आणि मेहुण्याची बोटं थोडक्यात वाचली.

जीप जुनी, एमएम 540. पुढे-मागे पाटे. मी घेतली तेव्हाच लांब शॅकल घालून ती उंच केलेली होती, टायरही 31 इंची. सोबतचा जॅक मात्र मूळ उंचीच्या गाडीचा. तो एकदा लावून पाहावा हे वर्षभरात माझ्या मनात आलं नाही.

मी जॅक चॅसीखाली लावला. जॅक शेवटपर्यंत वर आला, चॅसी उचलली गेली, चाक जमिनीवरच. म्हणून शेजारच्या गडग्याचे दोन दगड काढून जॅकखाली घातले. या खेपेला चाक सुटलं. नट काढले, चाक ओढून घेतलं, स्टेपनी उचलायला वळलो आणि वरचा ओला दगड सरकला. जॅक आडवा झाला, गाडी धाडकन खाली आली, ब्रेकचा ड्रम चिखलात रुतला. मेहुणा बोल्टवरचा चिखल बोटांनी पुसत होता. त्याने हात मागे घेतला आणि गाडी पडली, इतकंच अंतर.

बिरवाडीकडे निघालेला एक पिकअपवाला थांबला. त्याने दगड पाहिले आणि म्हणाला, “चॅसीला नका लावू दादा. एक्सलला लावा, चाक लगेच सुटतं.” वाडीतले एक आजोबा ऐनाचा जाड ठोकळा घेऊन आले. ड्रमखालची माती पहारीने उकरली तेव्हा कुठे पिकअपचा बॉटल जॅक एक्सलखाली गेला.

त्या पिकअपवाल्याचं म्हणणं नीट समजून घ्या. चॅसी उचलली की पाटे मोकळे होत खाली येतात आणि चाक जमीन धरून राहतं. गाडी जितकी उंच केलेली, तितकं हे जास्त. जॅकची सगळी उचल त्यातच संपते, वर गाडी डोलायला लागते. एक्सल उचलला तर चाक त्याच्याबरोबरच वर येतं. जॅक पाट्याच्या यू-बोल्टजवळ, एक्सलच्या नळीखाली बसवा. बोल्टच्या टोकांवर नको. नव्या थारसारख्या गाड्यांना पुढे आरपार एक्सल नसतो. तिथे कंपनीच्या पुस्तकात दाखवलेली जागा आधी घरी शोधून ठेवा, आणि गाडी उंच केल्यावरही तिथून चाक सुटतं का ते करून पाहा.

आता मापं. उंच गाडी म्हणून लोक उंच जॅक घेतात आणि तिथेच फसतात. पंक्चरने टायर पूर्ण बसला की माझ्या जीपचा एक्सल जमिनीपासून जेमतेम 7 इंचांवर येतो. हवा भरलेली स्टेपनी चढवायची तर तोच एक्सल 15 इंचांवर न्यावा लागतो. म्हणजे मिटलेला जॅक खालच्या फळीसकट 7 इंचांच्या फटीत शिरायला हवा, किंवा आधी फळीवर चाक चढवून फट वाढवायला हवी. आणि उचल 8 इंचांची हवी. वरच्या टोकाला स्क्रू असलेला बॉटल जॅक म्हणूनच बरा. वजनाचा आकडा गाडीपेक्षा बराच मोठा घ्या, कारण मोठ्या जॅकचं बूड रुंद असतं. तो गाडीत उभाच ठेवा. त्याच्याखाली फूटभर लांब-रुंद, 2 इंच जाडीची फळी हवी. दगड कधीही नको.

फार्म जॅक दिसायला भारी, 48 इंचांचा आणि 13 किलोच्या आसपास. चिखलातून गाडी उपसायला तो कामाचा आहे, पण टायर बदलायला मी तो वापरत नाही. त्यावर गाडी हलते, आणि भार असताना दांडा हातातून सुटला तर जबडा फोडतो.

आणखी एक गोष्ट त्या दिवशी मला ठाऊक नव्हती. मागचं एक चाक हवेत असताना नुसता गिअर गाडी धरत नाही; जमिनीवरचं चाक फिरू शकतं, हवेतलं उलटं फिरतं. ज्या जुन्या जीपचा हँडब्रेक मागच्या शाफ्टवर आहे, तिचा हँडब्रेकही याच कारणाने निकामी होतो. म्हणून फोर-बाय-फोर टाका, जमिनीवरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा, नट जमिनीवरच सैल करा. आणि चाक काढण्याआधी स्टेपनी आडवी चॅसीखाली सरकवा. जॅक पडला तर गाडी तिच्यावर पडेल.

ज्यांनी अजून गाडी उंच केलेली नाही, त्यांना माझी विनंती आहे की करू नका. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या मूळ रचनेत बदल करता येत नाही असं स्पष्ट सांगितलं आहे.

यंदा मृगाच्या आधी भाच्याची उंच केलेली गाडी अंगणात घेतली आणि मागच्या चाकाची सगळी हवा सोडायला लावली. त्याने नवा घेतलेला जॅक एक्सलखाली शिरेना, दीड इंच उंच पडला. तो तसाच डिकीत टाकून, चाकात हवा भरून, भाचा महाडला बदलून आणायला गेला.