हृदय आणि पीस : प्राचीन इजिप्तच्या लोकांचा धर्म

मुलांनो, इजिप्त म्हटलं की तुम्हांला पिरॅमिड आणि ममी आठवतात. आज आपण ममीच्या आत डोकावूया. थोडी किळस येईल, पण चालेल.

माणूस मेला की त्याचं शरीर टिकावं म्हणून इजिप्तचे लोक ते नॅट्रॉन नावाच्या क्षारात सुकवत. सगळं काम साधारण ७० दिवस चाले. फुप्फुसं, यकृत, जठर आणि आतडी बाहेर काढून चार बरण्यांत ठेवत. मेंदू आकड्याने नाकातून ओढून काढत आणि चक्क टाकून देत! हृदय मात्र जागच्या जागी राहू देत. असं का? कारण माणूस विचार करतो आणि आठवण ठेवतो ती हृदयाने, असं ते मानत. आपणही ‘मनापासून’ म्हणताना हात छातीवरच ठेवतो, नाही का?

शिवाय ते हृदय पुढे लागणार होतं. साक्ष द्यायला.

मेलेल्यांच्या जगाचा राजा म्हणजे ओसायरिस देव. त्याला त्याच्याच भावाने, सेतने मारलं. पण बायको आयसिस हिने त्याला पुन्हा जिवंत केलं, अशी कथा आहे. प्रत्येक मृत माणसाला या ओसायरिसच्या दरबारात जावं लागे. तिथे ४२ देव बसलेले. त्यांच्यापुढे आपण काय काय केलं नाही ते सांगायचं. चोरी केली नाही, कुणाला रडवलं नाही, मापात पाप केलं नाही, वाहतं पाणी अडवलं नाही. हे शेवटचं वाचून नवल वाटलं ना? इजिप्तमध्ये पाऊस जवळजवळ नाहीच. सगळी शेती नाईल नदीच्या पुरावर. पाणी अडवलं म्हणजे शेजाऱ्याच्या तोंडचा घासच काढला!

मग तराजू येई. एका पारड्यात हृदय आणि दुसऱ्यात मातचं पीस. मात ही सत्य आणि न्यायाची देवी, तिच्या डोक्यावर हे पीस असतं. कोल्ह्यासारख्या तोंडाचा अनुबिस तराजू तपासतो. थोथ हा लेखनाचा देव निकाल लिहून घेतो. (तुम्हांला चित्रगुप्त आठवला असेल.) हृदय खोटं ठरलं तर तिथेच अम्मित टपलेली असते. तोंड मगरीचं, पुढचं धड सिंहाचं, मागचं पाणघोड्याचं. ती हृदय गट्ट करते आणि माणूस कायमचा संपतो.

आता मला सगळ्यांत आवडणारी गोष्ट. आपण अगदी स्वच्छ नाही हे त्या लोकांनाही ठाऊक होतं, बरं का! म्हणून ममीच्या छातीवर शेणकिड्याच्या आकाराचा एक दगडी ताईत ठेवत. शेणकिडा त्यांना पवित्र, कारण तो शेणाचा गोळा ढकलतो तसा सूर्य आकाशात ढकलला जातो, अशी त्यांची कल्पना. त्या ताइतावर मंत्र कोरलेला असे आणि त्यात विनवणी कुणाला? देवाला नाही, स्वतःच्याच हृदयाला! माझ्याविरुद्ध साक्ष देऊ नकोस, अशी. देवांसमोर बोलता येईल, पण आतला साक्षीदार सगळं पाहून बसलाय, त्याचं काय करायचं? ही भीती मला तरी फार ओळखीची वाटते.

असे मंत्र आणि चित्रं पपायरसच्या गुंडाळ्यांवरही लिहून थडग्यात ठेवत. काही गुंडाळ्या आधीच तयार करून नावाची जागा कोरी ठेवत आणि गिऱ्हाईक आलं की नाव भरत. अनी नावाच्या लेखनिकाची अशी गुंडाळी लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, सुमारे इ. स. पू. १२५० ची. तिच्यातलं न्यायाचं चित्र पुस्तकात किंवा इंटरनेटवर शोधा. डावीकडे अनी आणि त्याची बायको वाकून उभे आहेत. मधे तराजू, त्याच्यापाशी गुडघ्यावर बसलेला अनुबिस. उजवीकडे थोथ, आणि त्याच्या मागे अम्मित. तिला काही खायला मिळत नाही, कारण अनी पास होतो. पुढच्या चित्रात होरस देव त्याचा हात धरून त्याला ओसायरिसकडे नेतो.

अर्थात, आपल्याच थडग्यासाठी घेतलेल्या गुंडाळीत नापास झाल्याचं चित्र कोण काढून घेईल?