वेतन, प्रोत्साहन आणि प्रेरणा

उद्योगासाठी भांडवल, यंत्रसामग्री व कच्चा माल आवश्यक असतो. तथापि, ही साधने वापरणारा कामगार मनापासून काम करतो की नाही, यावरही उद्योगाचे यश अवलंबून असते. म्हणूनच अर्थशास्त्र व व्यवस्थापन या दोन्ही विषयांत कर्मचाऱ्यांच्या प्रेरणेचा अभ्यास केला जातो.

मूलभूत संज्ञा

• उलाढाल : ठरावीक काळातील एकूण विक्रीचे मूल्य. त्यातून सर्व खर्च वजा जाता उरतो तो नफा.
• उत्पादकता : वापरलेल्या साधनांच्या तुलनेत मिळालेले उत्पादन. अधिक कामगार लावून उत्पादन वाढले, तरी उत्पादकता वाढेलच असे नाही.
• प्रोत्साहन : कामाच्या मोबदल्यात बाहेरून दिला जाणारा लाभ. उदा. बोनस. 1965 च्या बोनस कायद्याखाली त्याची किमान मर्यादा पुढे वेतनाच्या 8.33 टक्के झाली; कमाल मर्यादा 20 टक्के होती. 2019 च्या वेतन संहितेतही याच मर्यादा आहेत.
• प्रेरणा : काम करण्याची आंतरिक इच्छा. प्रोत्साहन हे तिचे एक साधन आहे, पर्याय नव्हे.

सिद्धान्त

अब्राहम मॅस्लो यांनी 1943 मध्ये मानवी गरजांची क्रमवारी मांडली. शारीरिक गरजा व सुरक्षितता यांनंतर आपलेपणा, प्रतिष्ठा आणि आत्मविकास या गरजा येतात. फ्रेडरिक हर्झबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1959 मध्ये द्विघटक सिद्धान्त मांडला. त्यानुसार वेतन, पर्यवेक्षण, कामाची परिस्थिती हे घटक अपुरे असल्यास असंतोष निर्माण होतो. मात्र खरे समाधान कर्तृत्व, मान्यता व जबाबदारी यांतून मिळते.

अहमदाबादचा प्रयोग

या विचाराचा प्रत्यय भारतातच आला. अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये स्वयंचलित माग बसवूनही अपेक्षित फळ मिळत नव्हते. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस यांनी 1953 मध्ये तेथे पाहणी केली. 224 मागांच्या विभागात काम 12 प्रकारांत विभागलेले होते. विणणारा, बॉबिन भरणारा, तेल घालणारा यांपैकी प्रत्येक जण अनेक मागांवर फिरे. परंतु कोणताही माग कोणा एका गटाचा नव्हता. त्यामुळे कापड बिघडल्यास जबाबदारी कोणाची, हे ठरत नसे.

राइस यांनी सात-सात कामगारांच्या गटाकडे 64 मागांची जबाबदारी सोपविण्याची कल्पना मांडली. कामगारांनी ती उचलून धरली आणि गट स्वतःच जमविले. यंत्रे तीच राहिली, कामाची रचना बदलली. सुरुवातीच्या अडचणींनंतर कार्यक्षमता वाढली व खराब कापडाचे प्रमाण घटले.

मर्यादा

1970 मध्ये एरिक मिलर यांनी फेरपाहणी केली, तेव्हा एका विभागात गटपद्धती जवळजवळ मूळ स्वरूपात टिकून होती. इतरत्र मात्र ती बरीच ढासळली होती. म्हणजेच रचना एकदा बदलून भागत नाही, ती सातत्याने जपावी लागते. तसेच, प्रेरणेचे महत्त्व सांगून अपुऱ्या वेतनाचे समर्थनही करता येत नाही. पोटाची चिंता मिटल्यावरच जबाबदारीचा आनंद घेता येतो.

सरावासाठी प्रश्न : ‘वेतनवाढ असंतोष दूर करते, प्रेरणा देतेच असे नाही.’ द्विघटक सिद्धान्त व अहमदाबादचा प्रयोग यांच्या आधारे चर्चा करा.