परसातील हिरवे टोमॅटो

होळी सरली, की यवतमाळ जिल्ह्यातील झरी जामणी परिसरात ऊन तापू लागते. परसातील टोमॅटोची झाडे सुकत येतात. पण त्यांवर कितीतरी हिरवी फळे शिल्लक असतात. झाडावरच ठेवली, तर ती उन्हाने लाल होतील, असे वाटणे साहजिक आहे. घडते मात्र उलटेच. टोमॅटोची लाली लायकोपीन नावाच्या द्रव्याची असते. उष्णमान सुमारे ३० अंश सेल्सिअसच्या पुढे गेले, की ते नीट तयार होत नाही आणि फळ पिवळसरच राहते. थंड देशांतील लोक हिमाच्या भयाने हिरवी फळे उतरवून घेतात. येथे ती उन्हाच्या भयाने उतरवावी लागतात.

फळ मात्र पुरते वाढलेले हवे. त्याचा हिरवा रंग फिकट, पांढरट होऊ लागला, की ते तोडावे. अगदी कोवळे फळ घरात पिकत नाही, सुरकुतून जाते. घरातील गार कोपऱ्यात, माठाच्या आसपास, टोपलीत फळे ठेवावीत. पिकण्यासाठी त्यांना उजेड लागत नाही. सोबत एखादे पिकलेले केळे असावे. पिकणाऱ्या फळातून इथिलीन नावाचा वायू निघतो. तो शेजारच्या फळांनाही पिकवतो. कुजलेले फळ दिसताच बाहेर काढावे. काही दिवसांतच देठाच्या विरुद्ध टोकाशी पहिली लाली उमटते.