करपलेली वात

करपलेल्या वातीचा वास एकदा नाकात बसला की लांबूनही ओळखू येतो. आंब्याच्या नाहीतर पुदिन्याच्या गोड अर्कामागून जळका कापूस आणि तापलेली तार यांचा वास येतो. ओढणाऱ्याच्या घशाला झोंबतं, तो खोकतो, हातातली वस्तू खाली ठेवतो आणि जरा वेळाने पुन्हा उचलतो. बंगळूरच्या यशवंतपुरात माझं दुरुस्तीचं दुकान आहे. मोबाइल, चार्जर, मिक्सर, इस्त्री, जे येईल ते करतो. मत्तीकेरेकडची कॉलेजची मुलं मधूनच आवाज खाली करून विचारतात, "अण्णा, व्हेपची वात बदलून द्याल का?" त्यांना मी काय सांगतो ते इथे लिहितो, कारण हा प्रश्न आता आपल्या मराठी घरांतही शिरला आहे. माझ्या घरात तो भाच्याबरोबर आला.

व्हेपची, म्हणजे ई-सिगारेटची, आतली रचना अवघड नाही. बॅटरी तारेचं एक लहान वेटोळं तापवते. वेटोळ्यातून कापसाची वात ओवलेली असते आणि तिची टोकं द्रवात बुडलेली असतात. द्रव म्हणजे प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन, वर वासाचे अर्क आणि बहुतेक वेळा निकोटिन. वात ओली आहे तोवर तारेची उष्णता वाफ करण्यात खर्च होते. ग्लायकॉल १८८ अंशांना उकळतं, ग्लिसरीन २९० ला, त्यामुळे तापमान त्या पट्ट्यात आवरलेलं राहतं. वात कोरडी पडली की हा आवर सुटतो. तार लाल होते, कापूस करपतो आणि उरलेला द्रव वाफ होता होता फुटतो. ग्लायकॉलमधून फॉर्माल्डिहाइड निघतं, ग्लिसरीनमधून अ‍ॅक्रोलिन. फोडणीचं तेल जास्त तापून धुरावलं की स्वयंपाकघरात सगळ्यांचे डोळे चुरचुरतात, त्या धुरातही हेच अ‍ॅक्रोलिन असतं. फरक इतकाच की तेव्हा आपण खिडकी उघडतो आणि इथे माणूस तो धूर मुद्दाम छातीत भरून घेतो.

२०१५ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी याचं मोजमाप न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापलं. कमी व्होल्टला फॉर्माल्डिहाइड देणारी संयुगं सापडली नाहीत, ५ व्होल्टला भरपूर सापडली. त्यावर आक्षेप आला की इतकी करपट चव कुणी सहनच करणार नाही, लगेच थांबेल. आक्षेपात तथ्य आहे. पण माझ्या टेबलावर आलेल्या वाती एका दमात जळलेल्या नव्हत्या. द्रवातल्या गोडीची साखरेच्या पाकासारखी पुटं तारेवर चढत जातात, वात मधोमध आधी तपकिरी, मग काळी होते, आणि चव इतकी हळूहळू बिघडते की ओढणाऱ्याला तिची सवय होऊन जाते.

भाचा निपाणीहून इंजिनिअरिंगसाठी आला. एका संध्याकाळी दुकान बंद करताना त्याने पेनाएवढी एक वस्तू टेबलावर ठेवली. "मामा, नुसती वात करपलीय. मी व्हिडिओ बघितलाय, मेडिकलमधला कापूस चालतो." मी रागावलो नाही. रागावलो असतो तर पुढचं काहीच कळलं नसतं. दिव्याखाली घेऊन ती वस्तू उघडली. कापसाचा मधला भाग कोळसा झाला होता, टोकं पिवळी चिकट होती. उघडताना टाकीतला द्रव माझ्या बोटांवरून मनगटापर्यंत ओघळला. फडक्याने पुसला आणि काम करत राहिलो. थोड्याच वेळात कपाळाला गार घाम सुटला, मळमळू लागलं, डोकं गरगरलं.

ती गरगर माझ्या ओळखीची होती. माझी आई निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला जायची. नव्या बायका पहिल्या दिवसांत ओकायच्या, भिंतीला टेकून बसायच्या, आणि बाकीच्या म्हणायच्या, "तंबाखू लागली तिला." ओला पाला खुडणाऱ्या शेतमजुरांना असंच होतं. निकोटिन कातडीतून अंगात उतरतं, त्यासाठी काही ओढावं लागत नाही. त्या संध्याकाळी मलाही तंबाखूच लागली होती. साबणाने हात धुतले, गार पाणी मारलं, तासाभराने बरं वाटलं. भाचा समोर बसून बघत होता. द्रवाच्या बाटलीवर निकोटिन प्रति मिलिलिटर ५० मिलिग्रॅम असं छापलेलं त्याने तेव्हा पहिल्यांदा नीट वाचलं.

तंबाखूशी माझं वैर नाही. आमच्या भागात तिच्यावर घरं उभी राहिली आणि शिक्षणं झाली. १९८१ मध्ये तिच्या भावासाठी शेतकरी निपाणीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडून बसले, एप्रिलमध्ये त्यांच्यावर गोळीबारही झाला. तोच महामार्ग पुढे तुमकूर रोड होऊन आमच्या यशवंतपुराशेजारून जातो. म्हणूनच मला वाटतं, निकोटिन काय चीज आहे हे आमच्याकडच्या माणसाने तरी ओळखावं. पानात असताना ते कडू असतं, धुरात असताना घसा धरतं. या बाटल्यांत ते आम्लाबरोबर क्षार करून घातलेलं असतं, त्यामुळे जबर मात्राही घशाला न टोचता उतरते. कोवळ्या पोराला थांबवणारी जी एकमेव गोष्ट होती ती यात काढून टाकली आहे.

आता वातीबद्दल. कापूस बदलता येतो हे खरं आहे. घट्ट कोंबला तर द्रव वर चढत नाही आणि वात पुन्हा जळते, सैल ठेवला तर द्रव नळीतून थेट तोंडात येतो. पण नवा कापूस घातल्याने तार नवी होत नाही. मुलं जुनी तार पुटं जाळण्यासाठी कोरडीच लाल करतात, घासतात आणि तिच्यावर नवी वात चढवतात. तारेत निकेल असतं, क्रोमियम असतं. स्वस्त साधनांत सांध्याला सोल्डर असतं, आणि सोल्डरमध्ये शिसं असू शकतं हे माझ्या धंद्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. २०१८ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी बाल्टिमोर भागातल्या ५६ रोजच्या वापरकर्त्यांची साधनं तपासली. बाटलीतल्या द्रवात जे धातू नगण्य होते ते तापलेल्या तारेवरून गेल्यावर वाफेत कितीतरी वाढलेले दिसले. त्यांत शिसं, निकेल, क्रोमियम, मँगनीज होतं. सोल्डरिंग करताना मी पंखा लावून तोंड बाजूला घेतो. तोच धातू हुंगण्याची सोय मी दुसऱ्या कुणाला करून देणार नाही.

तार स्वतः गुंडाळणारे आणखी मोठा धोका पत्करतात. वेढे कमी पडले की रोध घटतो. ०.२ ओहमच्या वेटोळ्याला ४.२ व्होल्टची भरलेली बॅटरी जोडली तर २१ अँपिअर प्रवाह वाहतो. जुन्या लॅपटॉपमधून काढलेले १८६५० सेल एवढा प्रवाह द्यायला बनलेलेच नसतात. त्यात सेलवरचं प्लास्टिकचं वेष्टण फाटलेलं असेल आणि खिशात किल्ल्या असतील तर आग लागायला बटण दाबण्याचीही गरज नाही.

कायद्याचंही सांगतो, कारण मुलांना वाटतं की फक्त विकणाराच अडकतो. कर्नाटकाने ई-सिगारेटवर २०१६ मध्येच बंदी घातली होती. देशभर १८ सप्टेंबर २०१९ ला अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. बनवणं, आयात, वाहतूक, विक्री, जाहिरात यांना पहिल्या गुन्ह्यासाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, साठा करण्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. चोरून येणाऱ्या मालाला मानक नाही. बाटलीवर छापलेला आकडा खरा आहे का हेही कोण सांगणार?

भाच्याचा एक मुद्दा मात्र मला उडवून लावता आला नाही. तो म्हणाला, "ब्रिटनमध्ये डॉक्टरच देतात म्हणे." तिथली सरकारी आरोग्यसेवा सिगारेट सोडवण्यासाठी व्हेपचा आधार घेते, हे खरं आहे. तिथे निकोटिनला प्रति मिलिलिटर २० मिलिग्रॅमची कायदेशीर मर्यादा आहे आणि सल्ला आहे तो सिगारेट ओढणाऱ्यांसाठी. ज्याने कधी ओढलीच नाही त्याने सुरू करावं असं तिथलाही डॉक्टर म्हणत नाही. भाच्याने सिगारेट कधी ओठाला लावली नव्हती. त्याला यातून काही सोडायचं नव्हतं, काही लागून मात्र घेतलं होतं.

तेव्हा वात बदलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने दुकानातूनच १८००-११-२३५६ हा क्रमांक लावला. सिगारेटच्या पाकिटावर छापलेला असतो तोच, फोन फुकट आहे. ही सेवा दिल्लीत २०१६ मध्ये सुरू झाली. २०१८ पासून बंगळूरचं निम्हान्स आणि मुंबईचं टाटा स्मारक रुग्णालयही ती चालवतात. समुपदेशकाने त्याला सोडण्याची तारीख ठरवायला लावली, तलफ कोणत्या वेळी येते ते लिहून काढायला लावलं आणि नंतर आपणहून फोन करून चौकशी केली. पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात वाईट जातात. चिडचिड होते, झोप लागत नाही, अभ्यासात लक्ष राहत नाही. बापाने अशा वेळी उपदेश करू नये आणि आईने "एवढं काय त्यात" म्हणू नये. ताईला मी हेच सांगितलं, तिने ऐकलं. तलफेची एक लाट काही मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ कुणीतरी सोबत असलं तरी पुरतं. परीक्षेच्या आधी तो एकदा पुन्हा घसरला, हेही लिहून ठेवतो, म्हणजे कुणाच्या घरात तसं झालं तर सगळं वाया गेलं असं समजणार नाहीत. डॉक्टरांनी त्याला २ मिलिग्रॅमचं निकोटिनचं च्युइंगगम दिलं. ते गुटख्यासारखं सतत चावायचं नसतं. थोडं चघळायचं, जीभ चुरचुरली की गालात दाबून ठेवायचं.

घरात अशी वस्तू सापडलीच तर आधी मुलाशी बोला, मग तिची व्यवस्था लावा. ती विकू नका, कुणाला देऊ नका. सेल निघत असेल तर काढून दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावा आणि ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राला द्या. आमच्याकडे तुमकूर रोडवर दाबसपेटला ई-परिसर ही जुनी संस्था आहे, तुमच्या शहरातही कुणीतरी असेल. फुगलेला किंवा गरम लागणारा सेल खिशात, उशीखाली किंवा चार्जिंगला ठेवू नका. सेल आतच बंदिस्त असेल तर फोडून काढायला जाऊ नका. द्रव मोरीत ओतू नका आणि उघड्या हाताने पुसू नका. हाताला लागलाच तर भरपूर पाणी आणि साबण.

सगळ्यात आधी मात्र बाटली कुलपात ठेवा. तिला फळांचा वास येतो आणि घरात लहान मूल असेल तर ते ती तोंडाला लावणारच. ५० मिलिग्रॅमच्या द्रवाचा एक चमचाही त्याच्या जिवावर बेतू शकतो. तसं घडलं तर उलटी करवत बसू नका, दूध किंवा मिठाचं पाणी पाजू नका. मूल उचला, जवळचं मोठं रुग्णालय गाठा आणि बाटली बरोबर न्या. तिच्यावरचा आकडा डॉक्टरांना लागतो.