महिला गटांतील सहभागी शिक्षण आणि माता-बालकांचे आरोग्य : शेतीविस्तारासाठी धडे

प्रस्तावना

बचत गट हा ग्रामीण भागातील सर्वांत परिचित महिला गट होय. बचत, अंतर्गत कर्जव्यवहार आणि पूरक उद्योग ही त्याची नेहमीची कार्ये आहेत. तथापि, याच गटांच्या मासिक बैठकांमधून नवजात अर्भकांचे प्राण वाचू शकतात, हे गेल्या दोन दशकांतील शास्त्रीय चाचण्यांनी दाखवून दिले आहे. या यशामागील शिक्षणपद्धती शेतीविस्तार कार्यकर्त्यांना नवीन नाही. भातावरील तपकिरी तुडतुड्यांच्या उद्रेकानंतर १९८९ मध्ये इंडोनेशियात एकात्मिक कीड व्यवस्थापनाच्या शेतीशाळा सुरू झाल्या. शेतकऱ्याने स्वतः निरीक्षण करावे, गटात चर्चा करावी व निर्णय स्वतः घ्यावा, हे शेतीशाळेचे सूत्र आहे. महिला गटांतील आरोग्यशिक्षणही नेमके याच सूत्रावर चालते.

झारखंड-ओडिशातील चाचणी

झारखंडमधील पश्चिम सिंहभूम व सराईकेला-खरसावां आणि ओडिशातील केंदुझर या तीन आदिवासीबहुल जिल्ह्यांत ‘एकजुट’ या संस्थेने २००५ ते २००८ या काळात एक मोठी चाचणी घेतली. एकूण ३६ ग्रामसमूहांपैकी १८ समूहांत २४४ महिला गटांच्या मासिक बैठका झाल्या. यांपैकी १७२ गट पूर्वीपासून अस्तित्वात होते आणि ७२ नव्याने स्थापन करण्यात आले. उर्वरित १८ समूह तुलनेसाठी होते.

गट चालवणारी कार्यकर्ती डॉक्टर किंवा परिचारिका नव्हती. ती त्याच परिसरातील, स्थानिक भाषा बोलणारी महिला होती आणि तिच्याकडे दरमहा सुमारे १३ गट असत.

जन्मानंतरच्या पहिल्या २८ दिवसांतील मृत्यूंचे दर हजार जिवंत जन्मांमागील प्रमाण पुढीलप्रमाणे आढळले :

- गट असलेली गावे : पहिले वर्ष ५५.६, दुसरे वर्ष ३७.१, तिसरे वर्ष ३६.३
- तुलनेची गावे : पहिले वर्ष ५३.४, दुसरे वर्ष ५९.६, तिसरे वर्ष ६४.३

सांख्यिकीय समायोजनानंतर तीन वर्षांच्या एकत्रित कालावधीत नवजात मृत्यूंमध्ये ३२ टक्के घट दिसून आली. तिसऱ्या वर्षी मातांमधील मध्यम स्वरूपाचे नैराश्यही ५७ टक्क्यांनी कमी आढळले. सर्वांत वंचित कुटुंबांतील बालकांना या कार्याचा लाभ अधिक झाला, ही बाब विशेष उल्लेखनीय आहे. एरवी कोणतीही योजना या कुटुंबांपर्यंत सर्वांत शेवटी पोहोचते.

बैठकांचे चक्र

सुमारे २० बैठकांचे हे चक्र चार टप्प्यांत विभागलेले असते.

१. समस्या ओळखणे : गरोदरपण, बाळंतपण व नवजात बाळाच्या काळजीतील अडचणी चित्रकार्डांच्या साहाय्याने मांडल्या जातात व त्यांचा अग्रक्रम ठरवला जातो.

२. उपाय ठरवणे : एखाद्या मृत्यूची कथा सांगून “असे का झाले?” हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो. बाळ का दगावले? ताप उशिरा लक्षात आला. उशीर का झाला? धोक्याची लक्षणे ठाऊक नव्हती. दवाखान्यात का नेले नाही? रात्री वाहन नव्हते आणि हाती पैसाही नव्हता. अशा रीतीने कारणांची साखळी महिला स्वतः उलगडतात.

३. कृती : ठरलेले उपाय गावासमोर मांडून अमलात आणले जातात. नेपाळमधील मकवानपूर जिल्ह्यात याच पद्धतीने चाललेल्या गटांनी आपत्कालीन निधी उभारला, रुग्ण वाहून नेण्यासाठी स्ट्रेचरची सोय केली व स्वच्छ बाळंतपणाचे संच उपलब्ध केले. तेथे नवजात मृत्यूंमध्ये ३० टक्के घट झाली.

४. मूल्यमापन : काय साध्य झाले व काय राहिले, याचा आढावा गट स्वतःच घेतो.

झारखंड-ओडिशात दवाखान्यात जाण्याच्या प्रमाणात लक्षणीय वाढ झाली नव्हती. बदल प्रामुख्याने घरात घडला. बाळंतपण करणाऱ्या व्यक्तीने हात साबणाने धुणे, नाळ स्वच्छ पात्याने कापणे आणि बाळाला केवळ स्तनपान देणे, या सवयी वाढल्या. अर्थात, म्हणून दवाखान्याचे महत्त्व कमी होत नाही. रक्तस्राव, झटके किंवा अडलेले बाळंतपण यांवर घरी उपाय नाही.

यश कशावर अवलंबून असते?

बांगलादेशातील पहिल्या चाचणीत नवजात मृत्यूंवर परिणाम दिसला नाही. तेथे १,४१४ लोकसंख्येमागे एक गट होता व त्यात गरोदर महिलांचा सहभाग अत्यल्प होता. पुढील चाचणीत सुमारे ३०९ लोकसंख्येमागे एक गट ठेवण्यात आला, तेव्हा नवजात मृत्यूंमध्ये ३८ टक्के घट झाली. झारखंड-ओडिशात हे प्रमाण ४६८ लोकसंख्येमागे एक गट असे होते. तेथे नव्याने गरोदर राहिलेल्या महिलांची उपस्थिती पहिल्या वर्षी १८ टक्के होती, ती तिसऱ्या वर्षी ५५ टक्क्यांवर पोहोचली.

चार देशांतील सात चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणाचाही निष्कर्ष हाच आहे. जेथे किमान ३० टक्के गरोदर महिला गटात आल्या, तेथे नवजात मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्ये या पद्धतीची शिफारस केली.

बचत गटांच्या दृष्टीने हा मुद्दा कळीचा आहे. गटाची सभासद बहुधा सासू किंवा मोठी जाऊ असते. नवी सून, शेतमजुरीस जाणारी तरुणी किंवा हप्ता भरू न शकणारी महिला गटाबाहेरच राहते. ज्या घरात धोका सर्वाधिक, तेथील स्त्री बैठकीत नसेल, तर बैठकांची संख्या वाढवून उपयोग होत नाही. आरोग्यविषयक बैठक बचतीच्या सभासदत्वाशी न जोडता गावातील सर्व महिलांसाठी खुली ठेवणे आवश्यक आहे.

शेती आणि पोषण यांची सांगड

केंदुझर जिल्ह्यातच पुढे १४८ ग्रामसमूहांत पोषणपूरक शेतीची चाचणी झाली. महिला गटांना पोषणपूरक शेतीच्या स्थानिक चित्रफिती दाखवून त्यांवर चर्चा घेण्यात आली. केवळ शेतीविषयक चित्रफिती दाखवलेल्या गटांतही माता व ६ ते २३ महिन्यांची बालके यांच्या आहारातील विविधता वाढली. मात्र मातांचे वजन-उंची गुणोत्तर व बालकांचे खंगणे यांत फरक पडला नाही. परसबागेमुळे ताट सुधारते. कुपोषणाच्या निर्मूलनासाठी मात्र आजारपण, पाणी, स्वच्छता व उत्पन्न यांवरही काम करावे लागते. गटांना आश्वासन देताना ही मर्यादा स्पष्ट करावी.

कीडनाशके आणि गरोदर महिला

शेतीविस्तार कार्यकर्ता या बैठकांत स्वतःच्या विषयातील पुढील माहिती देऊ शकतो :

- गरोदर व स्तनदा महिलांनी कीडनाशकाचे द्रावण तयार करू नये, फवारणी करू नये व पंप धुऊ नये.
- फवारणीचे कपडे घरातील इतर कपड्यांपासून वेगळे धुवावेत. हे काम बहुधा घरातील स्त्रीकडे येते. गरोदरपणात ते दुसऱ्याने करावे.
- फवारलेल्या शेतात निंदणी, वेचणी किंवा तोडणीसाठी किती काळानंतर जावे, हे लेबलवर पाहून ठरवावे.
- डब्यावरील त्रिकोणाचा रंग विषारीपणा दर्शवतो. लाल सर्वाधिक विषारी. त्याखालोखाल पिवळा, निळा व हिरवा.
- कीडनाशके कुलूपबंद ठेवावीत. रिकाम्या डब्यांत पाणी, धान्य वा तेल कधीही साठवू नये.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी सूचना

- आशा, अंगणवाडी सेविका व परिचारिका यांच्याशी चर्चा करून बैठकांचे वेळापत्रक ठरवावे. झारखंड-ओडिशात आशांनी चालवलेल्या गटांच्या नंतरच्या चाचणीतही नवजात मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले.
- लावणी, निंदणी व काढणीच्या हंगामात बैठकीची वेळ महिलांच्या सोयीने ठेवावी.
- प्रत्येक बैठकीत गावातील गरोदर महिलांपैकी किती उपस्थित होत्या, याची नोंद ठेवावी. एकूण उपस्थितीपेक्षा ही नोंद अधिक उपयुक्त ठरते.
- भाषण टाळावे. प्रश्न विचारून उत्तर महिलांकडूनच येऊ द्यावे.
- रुग्णवाहिकेचा क्रमांक, पर्यायी वाहन व निधी सांभाळणारी महिला ही माहिती प्रत्येक गरोदर महिलेच्या घरी आधीच पोहोचवावी.

समारोप

किडीचे आर्थिक नुकसान पातळीपूर्वीच निदान व्हावे, यासाठी शेतीशाळेत शेतकऱ्याची नजर तयार केली जाते. नवजात बाळाच्या बाबतीत हाती असलेला वेळ त्याहूनही कमी असतो. बाळ दूध ओढत नाही, अंग थंड पडले आहे किंवा श्वास जलद चालला आहे, हे घरातील स्त्रीने वेळीच ओळखणे आणि त्याच क्षणी वाहन व पैसा उपलब्ध असणे, यांवर त्याचे जगणे अवलंबून असते. ही तयारी गावपातळीवर नियमित बैठकांतून करता येते आणि त्यासाठी लागणारे गट आज बहुतेक गावांत अस्तित्वात आहेत.